हत्तिणीचा पांढरा धूर

"बाजूला व्हा रे पोरांनो, सेल्फ मारतेय," मावशीनं केबिनमधून हाक दिली आणि तिन्ही मुलं टायरांच्या ढिगामागे पळाली.

टक्.

एवढाच आवाज झाला. इंजिन जागचं हललं नाही. मावशीनं जरा थांबून पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी इंजिन कण्हलं, खोकलं आणि एकदाचं धडधडत सुरू झालं. पाठोपाठ सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा असा काही लोट बाहेर पडला, की मागे उभ्या असलेल्या दोन ट्रकांची तोंडं दिसेनाशी झाली.

"हत्तीण आजपण रुसली," भुंगी म्हणाली.

हत्तीण म्हणजे मावशीचा ट्रक. करडा रंग, रुंद कपाळ, आणि चाल अशी की घाई हा शब्द तिला कुणी शिकवलेलाच नसावा. मावशी तो स्वतः चालवायची. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली होती. आता त्याच लोकांना काचेचा, नाजूक माल पोचवायचा असला की मावशीच हवी असे.

बारकी ही मावशीची भाची, थंडीच्या सुट्टीला आलेली. पाळण्यात असताना तिचं नाव बारकी पडलं. आता ती मावसभावापेक्षा वीतभर उंच झाली होती, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. हा मावसभाऊ म्हणजे प्रोफेसर. जगातल्या कुठल्याही गोष्टीची तीन कारणं त्याच्याकडे तयार असत, आणि त्यातलं एखादं बरोबरही निघे. भुंगी ही त्याची धाकटी बहीण. दिवसभर कानाशी भुणभुण करायची म्हणून भुंगी.

धूर हसण्यासारखा नाही, असं बारकीला वाटत होतं. आली त्या सकाळपासून ती तो पाहत होती. आवारातल्या बाकीच्या ट्रकांचा धूर निघाला तसा विरून जायचा. ड्रायव्हर लोकांचा चहा संपेपर्यंत त्याचा मागमूसही राहत नसे. हत्तिणीचा धूर मात्र विरत नव्हता. तो जमिनीलगत सरपटत फाटकापर्यंत जायचा आणि तिथेच पडून राहायचा. हत्तीण रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी तिचा धूर मागे असायचा. बारकीला ते मुळीच आवडत नव्हतं.

आवाराचा मिस्त्री चहाचा ग्लास घेऊन आला, तेव्हा तिनं धीर करून विचारलंच.

"मिस्त्रीकाका, हिचा धूर थांबत का नाही?"

"तू जरा 'हाऽऽ' कर बघू."

बारकीनं केलं. तोंडातून पांढरी वाफ निघाली.

"निघाली ना? मग तुलाही खोलून बघू का?" मिस्त्री म्हणाला आणि शेजारचे ड्रायव्हर खो खो हसले. "अगं, थंडीत इंजिनं धूर टाकतातच. त्यात ही हत्तीण. हिचं सगळंच दांडगं."

"आणि ते टक्?"

"बॅटरी गारठलीय. घाटात जायच्या आधी चार्ज करून देतो, झालं?"

घाट! हत्तीण अजून सपाटीवरच्या जवळच्या फेऱ्या करत होती. परवा सकाळी मात्र मावशी काचेच्या तावदानांनी भरलेला ट्रक घेऊन घाटापलीकडे निघणार होती, एकटी. घाटाचं नाव निघालं आणि बारकीची नजर आपसूक आवाराच्या कोपऱ्यात गेली.

तिथे ताडपत्रीखाली एक ट्रक होता. ताडपत्री दोरीनं आवळून बांधली होती, तरी आतल्या ट्रकचं तोंड एका बाजूनं पार चेपलंय हे बाहेरूनही कळत होतं. मागच्या थंडीत घाटाच्या चढावर त्याचं इंजिन धरलं, म्हणजे तापून जागीच आवळून बंद पडलं. ट्रक मागे घसरला, आडवा फिरला आणि तोंडानं कड्यावर जाऊन आदळला. दरीच्या बाजूला गेला असता तर ताडपत्री घालायलाही काही उरलं नसतं. त्याचे ड्रायव्हर वाचले, पण त्यांचा एक पाय कायमचा अधू झाला. आता ते आवाराची राखण करत. सगळे त्यांना आजोबा म्हणत, आणि त्या कोपऱ्याकडे आजोबा कधीच बघत नसत.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मावशी पोळ्या लाटत होती आणि प्रोफेसर टेबलाखाली बसून व्याख्यान देत होता. खालीच का, तर गुप्त बैठक होती म्हणून.

"पांढऱ्या धुराची तीन कारणं असतात."

"तुझी नेहमीच तीन असतात," भुंगी म्हणाली.

"गप गं. एक, नुसती वाफ. पाइपात थंडीनं दव साचतं, ते उडून जातं. इंजिन तापलं की ती थांबते. दोन, न जळलेलं डिझेल. इंजिन गार असलं, हीटर प्लग नीट तापत नसले, तर डिझेल कच्चंच बाहेर पडतं. त्यानं डोळे चुरचुरतात आणि हाताला तेलकट लागतं. तीन, इंजिन गार ठेवायला जे पाणी फिरतं ना, तेच आत झिरपतं आणि वाफ होऊन निघतं. त्या पाण्यात कूलंट नावाचं औषध मिसळलेलं असतं, म्हणून त्या धुराला गोडसर वास येतो. आणि टाकीतलं पाणी कमी होत जातं."

"तिसरं सगळ्यात वाईट का?" बारकीनं विचारलं.

"घाटात पाणी संपलं तर इंजिन लाल होतं आणि धरतं." प्रोफेसरचा आवाज खाली आला. "आजोबांच्या ट्रकचं पाणीच संपलं होतं. ते त्या दिवशी पाणी घालायला विसरले होते, असं सगळे म्हणतात."

वर लाटण्याचा आवाज थांबला होता. मावशीनं खाली वाकून पाहिलं. "टेबलाखालच्या मंडळींनी हात धुऊन यावं. आणि घाटाच्या गोष्टी जेवताना नकोत."

पण ती त्या रात्री जेवताना नेहमीसारखी बोलली नाही, हे बारकीच्या लक्षात आलं.

दुसऱ्या सकाळी तिघं तयारीनं आवारात गेली. धुकं इतकं होतं की शेजारचा ट्रक नुसता सावलीसारखा दिसत होता. बारकीनं घरातली एक जुनी पांढरी बशी आणली होती.

हत्तिणीनं आजही आधी टक् केलं, मग धूर टाकला. बारकी नाक पुढे करून धुरात शिरली. डोळे चुरचुरले नाहीत. तिनं बशी सायलेन्सरपासून हातभर अंतरावर धरली. बशीवर थेंब जमले, पाण्यासारखे, स्वच्छ. तेलाचा तवंगही नाही.

"म्हणजे डिझेल नाही," प्रोफेसर म्हणाला. "वास?"

"काहीच नाही. ओल्या भिंतीसारखा."

"गोड?"

"बिलकूल नाही."

भुंगीला सर्दी झाली होती, तरी तिनंही नाक लावून पाहिलं आणि "जिलबीसारखा नाही" असा आपला निकाल दिला.

राहिली टाकी. मावशीनं त्यांच्या समाधानासाठी इंजिन बंद केलं, पुढचं झाकण उचललं आणि टाकी दाखवली. पाणी काठोकाठ होतं.

"मी रोज सकाळी स्वतः बघते गं," ती म्हणाली. "एक दिवसही कमी नसतं. झालं समाधान?"

प्रोफेसरनं निःश्वास सोडला. "कारण नंबर एक. नुसती वाफ. मिस्त्रीकाका बरोबर."

मावशीनं पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं, धूर पुन्हा निघाला, आणि हत्तीण धुक्यात शिरून गेली. तिच्यामागून धूर हळूहळू फाटकापर्यंत गेला आणि नेहमीप्रमाणे तिथे थांबला. बारकी त्याच्याकडे बघत राहिली. नुसती वाफ असती तर ती थांबायला हवी होती. सगळ्या परीक्षांचा निकाल चांगला लागला होता, तरी तिनं हातातली बशी खाली ठेवली नव्हती.

"मला घरी जायचंय," भुंगीनं भुणभुण सुरू केली. "माझे पाय गारठले. रोज इथं आलं की माझ्या चपला भिजतात."

"दवानं भिजतात."

"दव सगळीकडे पडतं. माझ्या चपला ट्रकच्या तोंडापाशीच भिजतात."

बारकी खाली बघायला लागली. भुंगीचं खरं होतं. आवारभर जमीन कोरडी, कडक होती. पण जिथे जिथे ट्रक उभे होते, तिथे प्रत्येकाच्या तोंडाखाली पाण्याचं थारोळं होतं. आणि भिंतीपाशी एक लांबलचक रबरी नळी गुंडाळून ठेवली होती. तिच्या तोंडातून अजून पाणी ठिबकत होतं.

"भुंगे, तू बोलत जा," बारकी म्हणाली. "थांबत जाऊ नकोस."

"हे मला आधी लिहून दे," भुंगी म्हणाली.

आजोबा फाटकाजवळच्या खोलीत शेगडीपाशी बसले होते. दुखरा पाय त्यांनी स्टुलावर ठेवला होता. बारकीनं विचारलं, "आजोबा, ट्रकांना पाणी तुम्ही घालता का?"

त्यांनी चटकन मान वर केली. "का? कुणी काही म्हणालं?"

"नाही. सहजच."

"रोज घालतो. उजाडायच्या आत, ड्रायव्हर यायच्या आधी." ते आगीकडे बघत बोलत होते. "या आवारातून एकही ट्रक तहानलेला बाहेर जाणार नाही. मी असेपर्यंत तरी नाही. एकदा जे झालं ते बस झालं."

"सगळ्यांना ठाऊक आहे हे?"

"ठाऊक असायचं काय त्यात? टाकी भरलेली असते, कुणाला कशाला पडलीय."

"हत्तिणीला किती लागतं?"

"नळी लावतो, वर आलं की काढतो. अंधारात किती लागलं ते नळीला काय ठाऊक?"

प्रोफेसरचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "टाकी रोज सकाळी भरलेली असते, कारण रोज सकाळी ती भरली जाते. आपण काय तपासलं? आजोबा वेळेवर उठतात की नाही, ते!"

"आणि रोज साधं पाणी घालून घालून कूलंट पार पातळ झालं असेल," बारकी म्हणाली. "गोड वास यायचा कुठून?"

"माझी तिन्ही कारणं खड्ड्यात गेली."

"दोन गेली. तिसरं बाहेर आलं."

त्यांच्या मागे कोपऱ्यात ताडपत्री वाऱ्यानं फडफडली आणि भुंगीनं बारकीचा हात घट्ट धरला.

दुपारी तिघं आजोबांकडे परत गेली आणि उद्या नळीऐवजी डब्यानं पाणी घाला, म्हणजे मोजता येईल, असं बारकीनं त्यांना विनवून पाहिलं. आजोबा एकदम कडाडले. "या पायानं डबे वाहू? आणि एखादा राहून गेला म्हणजे? पाण्याच्या कामात खेळ नको. चला, पळा." मिस्त्रीकडे गेली तर तो एका ट्रकाखाली आडवा झाला होता. तिथूनच तो म्हणाला, "पाणी थोडं कमी होतंच. पुन्हा त्या हत्तिणीचं नाव काढलंत तर तिघांना ग्रीस फासून ठेवीन." मावशी माल भरून परतली तीच थकून. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण म्हणाली, "मिस्त्रीनं बघितलंय ना बाळा. तो इतकी वर्षं हेच करतोय." आणि जेवून लगेच झोपायला गेली, कारण पहाटे निघायचं होतं.

पण त्याआधी, दिवेलागणीच्या सुमाराला, तिघं आवाराच्या भिंतीकडेनं हळूच गेली होती. वरच्या मोठ्या टाकीपासून नळीकडे येणाऱ्या पाइपावर एक लोखंडी चाक होतं. बारकी आणि प्रोफेसर दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा ते कुरकुरत फिरलं. चाक बंद झालं आणि नळीतून ठिबकणारं पाणी थांबलं.

"आजोबांना वाटेल, पाणी गोठलं," प्रोफेसर कुजबुजला. "मग डब्याशिवाय इलाज नाही."

"हे पाप आहे का?" भुंगीनं विचारलं.

"थोडंसं," बारकी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

पहाटे मावशीच्या आधीच तिघं घरातून सटकली. आवार गल्लीच्या टोकालाच होतं. धुक्यात दिवा पिवळा दिसत होता. आजोबा हातात कोरडी नळी घेऊन उभे होते. ते नळी झटकत होते, तिच्यात फुंकत होते, पुन्हा झटकत होते.

"येत नाही," ते स्वतःशीच बोलत होते. "आजच येत नाही. आज ती घाटात जायचीय."

बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा म्हातारा माणूस इतका घाबरेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती पळत पुढे गेली. "आजोबा, पिंपात पाणी आहे ना? आम्ही डब्यानं घालतो. एकही ट्रक राहणार नाही. तुम्ही फक्त झाकणं उघडा."

तिघं कामाला लागली. प्रोफेसर पिंपातून डबा भरून द्यायचा, बारकी ओतायची, भुंगी टॉर्च धरायची. पहिल्या ट्रकनं घोटभर पाणी घेतलं आणि टाकी भरली. दुसऱ्यानं तेवढंही घेतलं नाही. पुढचे सगळे तसेच. तोच डबा अर्धाही सरला नव्हता. आजोबांचा श्वास जरा ताळ्यावर आला.

मग हत्तिणीची पाळी आली. बारकीनं तो उरलेला डबा ओतला. संपला. प्रोफेसरनं दुसरा भरून दिला. तो ओतताना बारकी वाट बघत होती, की आता वर येईल, आता येईल. आतून नुसता पोकळ गडगड आवाज येत राहिला. दुसरा डबा तळाला गेला तेव्हा कुठे टाकीत पाणी दिसू लागलं.

आजोबा डब्याकडे बघत होते. "एवढं?" ते म्हणाले. "एका दिवसात?"

"भुंगे, टॉर्च खाली धर."

भुंगीनं उजेड जमिनीवर टाकला. आज नळी चालली नव्हती, त्यामुळे जमीन खडखडीत कोरडी होती. हत्तिणीच्या पोटाखाली एक थेंबही नव्हता.

"बाहेर कुठं गळत नाही," बारकी म्हणाली. "आणि टाकीत राहत नाही. मग ते आत जातंय, आजोबा. आत जाऊन धूर होतंय."

तेवढ्यात फाटक वाजलं. मावशी आणि मिस्त्री बोलत आत आले. मावशीनं मुलांना पाहून कपाळाला आठ्या घातल्या, पण तिला वेळ नव्हता. ती सरळ केबिनमध्ये चढली. बारकी दुसऱ्या बाजूनं पायरीवर चढली आणि तिनं किल्लीवर तळहात ठेवला.

"बारके, हात काढ."

"मावशी, आज नको."

"काचेवाले वाट बघतायत. हात काढ, नाहीतर मार खाशील."

"खाईन. पाणी कुठं गेलं ते सांग, मग काढते." तिला मावशीची भीती वाटत नव्हती. त्या किल्लीची वाटत होती.

"कसलं पाणी? टाकी भरलेली असते." मावशी वैतागली.

"मी भरतो म्हणून असते," खालून आवाज आला. आजोबा दोन्ही हातांनी बॉनेटला धरून हत्तिणीसमोर उभे होते. "पोरगी खरं सांगतेय. दीड डबा पाणी प्यायली ही आज, आणि खाली थेंब नाही. किल्ली काढ. माझ्या अंगावरून ट्रक घातलास तरी मी हलणार नाही."

आजोबांनी आजवर कुठल्याही ड्रायव्हरला अरेतुरे केलं नव्हतं की त्याच्यावर आवाज चढवला नव्हता. मावशीनं मुकाट्यानं किल्ली काढली.

मिस्त्री हसला, पण अर्धवट. "आता म्हाताऱ्यालाही नादी लावलं कार्ट्यांनी. बरं, तुमचं समाधान करू. हीटर प्लग काढतो आणि सेल्फ मारून बघू. आत पाणी असलं तर प्लगच्या भोकातून उडेल. पण निघून निघून हवाच निघेल. मग मात्र या तिघांनी महिनाभर माझी हत्यारं पुसायची."

"कबूल," प्रोफेसर म्हणाला. मग हळूच बारकीला म्हणाला, "मी कबूल का म्हणालो?"

मिस्त्रीनं पाना लावला. एकेक प्लग निघू लागला. आवारात आता बाकीचे ड्रायव्हरही जमले होते. सगळे प्लग निघाले. इंजिनाच्या अंगावर काळी भोकं ओळीनं दिसत होती. मिस्त्री त्यांच्यावर वाकला.

"मार सेल्फ."

मावशीनं किल्ली फिरवली. इंजिन मोकळेपणी फिरलं आणि एका भोकातून पाण्याची जाड धार फसकन उसळून मिस्त्रीच्या तोंडावर बसली.

तो मागे कोलमडला. कुणीही हसलं नाही. गालावरून पाणी निथळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. खूप वेळानं त्यानं एक बोट त्या भोकाकडे केलं.

"रात्रभर आत झिरपून साचलंय," तो म्हणाला. "ते टक् बॅटरीचं नव्हतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन पाण्यावर जाऊन आपटत होता. आज पाणी जास्त होतं. जोरात सेल्फ बसला असता तर आतला दांडाच वाकला असता. आणि समजा, सुरू झालीच असती, तर..."

मावशी केबिनमधून उतरली. ती पायरीवरच बसली. तिनं बारकीला जवळ ओढलं, मग प्रोफेसरला, मग भुंगीला, आणि तिघांना एकदम असं कवटाळलं की प्रोफेसरचा चष्मा वाकडा झाला.

"मी तुमचं ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही पोरं नसतात तर मी आज घाटात असते."

बारकीला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. आणि रडता रडताच तिनं नळीचं चाकही कबूल करून टाकलं. आजोबांनी ते ऐकलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांचं लक्षच दुसरीकडे होतं.

काचा दुसऱ्या ट्रकमध्ये चढवल्या गेल्या आणि घाटाकडे गेल्या. दुपारपर्यंत मिस्त्रीनं हत्तिणीचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. इंजिनाच्या दोन भागांमध्ये जी पातळ गॅस्केट असते ती एका ठिकाणी जळून तिला खाच पडली होती. पाण्याच्या वाटेपासून थेट आतपर्यंत. खाच नखाएवढीच होती. हत्तीण रोज सकाळी तिथूनच पाणी गिळत होती.

"ही खाच सपाटीवर कळली नसती," मिस्त्री म्हणाला. "रोज टाकी भरत होती, फेऱ्या जवळच्या होत्या. चढावर पाणी झपाट्यानं गेलं असतं."

आजोबा इतका वेळ स्टुलावर बसले होते. आता ते उठले. पाय ओढत ते आवाराच्या त्या कोपऱ्याकडे गेले आणि त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडायला सुरुवात केली. दोरी कडक झाली होती. बारकी धावत गेली आणि तिनं गाठ सोडवली.

"हाही टाकायचा," आजोबा म्हणाले. "अख्खी थंडी. पांढरा."

मिस्त्रीनं मान खाली घातली. "तुम्ही मला विचारलं होतंत," तो हळू म्हणाला. "मी म्हणालो होतो, थंडी आहे."

"खोल."

त्याला वेळ लागला. सगळं गंजलं होतं, आणि ऊन कलायला लागलं तरी तो पाना सोडत नव्हता. मुलं हत्यारं देत होती. शेवटी हेड निघालं. मिस्त्रीनं गॅस्केट कापडानं पुसली आणि उजेडाकडे धरली. तीच खाच होती. त्याच वाटेनं, फक्त जास्त रुंद. आतल्या भिंतीवर पाण्याचे गंजके ओघळ वाळले होते.

"पाणी आत जात होतं," तो म्हणाला. "टाकी तुडुंब भरून निघाला असता तरी वर पोचेपर्यंत पाणी उरलं नसतं."

आजोबांनी ती गॅस्केट हातात घेतली. "मला आठवत होतं," ते म्हणाले. "त्या सकाळी मी पाणी घातलं होतं. नंतर सगळे म्हणाले, टाकी कोरडी होती, तू विसरलास. एवढी माणसं म्हणतात, तर विसरलोच असेन, असं मीही धरून चाललो."

"तुम्ही विसरला नव्हतात," मिस्त्री म्हणाला. "मी बघितलं नव्हतं."

त्यानं हे सगळ्या ड्रायव्हरांसमोर, मोठ्यानं म्हटलं. मग तो जमलेल्यांकडे वळला. "आणि या तिघांनी बघितलं. माझ्यापेक्षा धड बघितलं. उद्यापासून कुणाच्याही धुराला कुणी थंडी म्हणालं, तर आधी यांना विचारा."

भुंगीनं मान ताठ केली. प्रोफेसर काहीतरी तीन कारणं सांगणार होता, पण त्यालाही या वेळी गप्प बसावंसं वाटलं.

आजोबा हळूच मागच्या टायरवर टेकले. त्यांनी हातानं बारकीला जवळ बोलावलं.

"माझा कान जरा मंद झालाय," ते म्हणाले. "तो काय म्हणाला?"

आजोबांचा कान शाबूत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही त्या सकाळी पाणी घातलं होतं, आजोबा," बारकी म्हणाली.

"पुन्हा सांग."

बारकीनं पुन्हा सांगितलं.